अठरा पायऱ्या

आमच्या घरमालकीण अक्कांइतकी मदत करायला अवघड बाई सबंध बंगळुरात दुसरी झाली नसेल. हे मी ऐकीव सांगत नाही, चौदा वर्षं त्यांच्या डोक्यावर राहून सांगते. मल्लेश्वरममधलं जुनं घर. खाली अक्का एकट्या, वर आम्ही नवराबायको, मध्ये अठरा पायऱ्या. अक्कांना दोन वर्षांच्या असताना पोलिओ झाला आणि तेव्हापासून पायांचा उपयोग चपला घालण्यापुरता उरला, असं त्या स्वतःच सांगत. चपला मात्र दर दिवाळीला नवी जोडी. "तुमच्या तर झिजतही नाहीत," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाल्या, "तुझ्या कपाटातल्या साड्या झिजल्यात म्हणून नव्या घेतेस काय?" वरचा मजला त्यांच्या वडिलांनी बांधून त्यांच्याच नावावर केला होता आणि तो त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. उचलून न्यायची तयारी बऱ्याच जणांनी दाखवली. "मी काय तांदळाची गोणी?" एवढंच उत्तर. पण सदतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेला कान. त्या वरचं घर कानानं ओळखत. "तुझ्या स्वयंपाकघरात खिडकीखालची फरशी सुटलीय, पाय ठेवलीस की टक् वाजते," असं सांगून गवंडी पाठवत. मला बोलवायचं असलं की बांबूच्या काठीनं छताला तीन ठोके देत. फोन होता, पण फोन त्यांच्या मते कामाच्या माणसांसाठी होता.

त्यांचं घराणं तीन-साडेतीन शतकांपूर्वी इकडे आलेलं. घरात बोलायची भाषा मराठी, पण त्यात 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' आणि 'बरं'च्या जागी 'सरी' असं कन्नड पेरलेलं, आणि क्रियापदांचं वळण आपल्याला चमत्कारिक वाटेल असं. माझा नवरा सरकारी कंपनीत इंजिनिअर, बदली होऊन आलेला. मी साताऱ्याची, पण अक्कांच्या लेखी घाटावरून आलेला प्रत्येक माणूस पुण्याचाच, म्हणून मी 'पुणेवाली'. "आमचे लोक घोड्यावरून आले," त्या म्हणत, "तुम्ही ऑर्डरवरून." मी एका संशोधन संस्थेच्या प्रशासन विभागात काम करते. फॉर्म भरणं, भरून घेणं, चुकीचे भरलेले परत पाठवणं, हा माझा दिवस. मला वेळ वाया घालवलेला खपत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते त्यातूनच झालं.

राहायला आलो त्याच आठवड्यातली गोष्ट. अक्कांची कपडे वाळत घालायची दोरी अंगणात कमरेच्या उंचीवर बांधलेली होती. दुपारी ढग दाटून आले. मी जाता जाता दोन मिनिटांत त्यांचे सगळे कपडे काढले, घड्या घातल्या आणि दारात नेऊन दिले. अक्कांनी गठ्ठा मांडीवर घेतला, चाकांची खुर्ची अंगणात आणली आणि एकेक कपडा उलगडून पुन्हा दोरीवर घातला. मी बघत उभी. पाऊस सुरू झाला. शेवटच्या साडीला चिमटा लावून झाल्यावर म्हणाल्या, "विचारलीस काय?"

"अहो अक्का, पाऊस..."

"पाऊस मला पण दिसतो. विचारलीस काय?"

कपडे भिजून चिंब झाले. ही बाई वेडी आहे, असं मी त्या दिवशी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, घर चांगलं आहे, पाणी चोवीस तास आहे, तू तिचे कपडे काढू नकोस.

अक्कांच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, लग्न झालेलं नव्हतं. त्या जागी दोरीला बांधलेली स्टीलची मोजपट्टी असे. एक फूट चढायचं असेल तर उतार बारा फूट लांब हवा, हा त्यांचा मंत्र. 'एकास बारा' हे दोन शब्द त्या ज्या भक्तीनं उच्चारत, त्या भक्तीनं देवाचं नावही घेत नसत. लग्नाची पत्रिका आली की आधी कार्यालयाला फोन करून पायऱ्या किती ते विचारायचं, मग वधूवरांची चौकशी. जवळच्या एका बँकेनं त्यांच्या पत्रांना कंटाळून दारात उतार बांधला आणि मॅनेजरांनी उद्घाटनाला अक्कांनाच बोलावलं. अडीच फूट उंची, पाच फूट लांबी. तो उतार नव्हता, घसरगुंडी होती. अक्कांनी मोजपट्टी लावली. त्यांच्या हातात नारळ देण्यात आला. त्यांनी तो मॅनेजरांना परत दिला आणि वर जाऊन उताराच्या टोकाशी ठेवायची विनंती केली. मॅनेजर भाविक असावेत. त्यांनी तो दोन्ही हातांनी अलगद ठेवला आणि नमस्कारासाठी हात सोडले. नारळ गडगडत खाली आला, फुटपाथ ओलांडला आणि रस्त्यात बसच्या चाकाखाली फुटला. "आयतु," अक्का म्हणाल्या, "उद्घाटन झालं. आता त्या नारळाच्या जागी मी होते असं समजा." महिन्याच्या आत उतार पाडून नवा बांधला गेला.

सरकारी कचेऱ्यांत त्यांचा आवाज ओळखणारी माणसं होती. तो आवाज ऐकला की ती फोन होल्डवर ठेवत. अक्का मग फोन मांडीवर ठेवून भाजी निवडत, डाळ धूत. "सदतीस वर्षं मी लोकांना होल्डवर ठेवले," त्या म्हणत. "मला कोण ठेवतंय बघू." समोरचा माणूस चहा पिऊन परत आला की यांचं शांतपणे, "हां, तर पायऱ्यांचं काय म्हणत होतो आपण?"

शनिवारी सकाळी त्यांच्या व्हरांड्यात माणसं जमत. कुणी कुबड्या घेऊन, कुणी पांढरी काठी घेऊन. राजाजीनगरहून एक अंध शिक्षिका यायची. तिला एकटीनं राहायचं होतं आणि घरच्यांना ते मान्य नव्हतं. अक्कांनी तिला तीन महिने फोनवरून स्वयंपाक शिकवला. फोडणी झाली की नाही हे त्या इकडे बसून आवाजावरून सांगत. कुणाला पेन्शन, कुणाला प्रमाणपत्र, कुणाचं मतदार यादीत नाव घालायचं. सगळ्यांना त्या एकच सांगत: फॉर्म तू भर, मी बघते. आणि या सगळ्याच्या मध्यभागी त्यांची डिरेक्टरी. जाड पुठ्ठ्याची, टेलिफोनच्या डिरेक्टरीसारखी अक्षरवार लावलेली वही. एकट्यानं राहणाऱ्या अपंग माणसाला या भागात ज्याची ज्याची गरज पडेल ते सगळं त्यात. प्रत्येक नोंदीची सुरुवात पायऱ्यांच्या आकड्यानं. किराणा दुकान: 'पायऱ्या शून्य. दार रुंद. मालक उपदेश करतो.' दातांचा डॉक्टर: 'पायऱ्या दोन, पण स्वतः खाली येतो. घाईत नको तो दात काढतो.' एक रिक्षावाला: 'खुर्ची दुमडायला शिकवलीय. रडकी गाणी लावतो.' एक देऊळ: 'पायऱ्या अकरा. बाहेरून नमस्कार चालतो, विचारलं आहे.' अर्धी वही कन्नडमध्ये होती, अर्धी मराठीत. कौतुक कन्नडमध्ये आणि निंदा मराठीत, म्हणजे वाचणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना ती कळू नये.

त्यांना एकच भाचा. सर्जापूर रोडला चौदाव्या मजल्यावर राहतो, स्वभावानं खरंच चांगला. महिन्यातून एकदा येऊन तो अक्कांना आपल्याकडे चला म्हणायचा. तिकडे लिफ्ट आहे, प्रत्येक दाराला उतार आहे, सगळं आहे. अक्का एकदा जाऊन चार दिवस राहून आल्या. "उतार एकदम फर्स्ट क्लास," मला म्हणाल्या. "उतरलं की पोहायचा तलाव. मी काय करू तिथं? गेटाबाहेर फुटपाथ नाही, बस नाही. बाहेर पडायला गाडी पाहिजे, गाडीला ड्रायव्हर पाहिजे, ड्रायव्हरला सांगायला भाचा पाहिजे. धनिया आणायचा तर तिघांची परवानगी." भाच्याला त्यांनी एवढंच सांगितलं, "इथं मी घसरून पडले तर माझी मी पडते. तिथं पडले तर तुझी बायको पाडली असं होईल." तो पुन्हा पुढच्या महिन्यात आला.

अक्कांनी मतदान कधीच चुकवलं नव्हतं. पण मतदान कसं केलं ते मात्र त्यांना आठवायलाही आवडत नसे. आमचं मतदान केंद्र जवळच्या सरकारी शाळेत, आणि शाळेला तीन पायऱ्या. दर निवडणुकीला चार माणसं खुर्चीसकट त्यांना उचलून आत नेत. एकदा चार पोलिसांनी उचललं आणि त्याचा फोटो एका वर्तमानपत्रात छापून आला, खाली लोकशाहीच्या उत्सवाबद्दल काहीतरी लिहिलेलं. फोटोत पोलीस हसताहेत आणि अक्कांचा चेहरा कुणीतरी चोरी करताना पकडल्यासारखा. "मत द्यायला गेले आणि विसर्जनाला नेल्यासारखं नेले," त्या म्हणत. "फोटो आला, उतार नाही आला." त्या दिवसापासून त्यांनी शाळेच्या उतारासाठी पत्रं लिहायला घेतली. किती वर्षं लिहिली ते मी मोजलं नाही. मुख्याध्यापक दोनदा बदलले. शेवटी लोकसभेच्या निवडणुकीआधी काही महिने एका सकाळी शाळेत सिमेंट कालवलेलं दिसलं. काम झाल्यावर अक्का गेल्या, मोजपट्टी काढली. उंची सतरा इंच. लांबी सतरा फूट. दोनदा मोजलं.

"एकास बारा," त्या म्हणाल्या आणि मोजपट्टी पुसून परत गळ्यात अडकवली.

"चढून बघा ना," मी म्हटलं.

"आज नको. मत द्यायलाच चढणार." अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा आपल्या चाकांवर, आपल्या हातांनी आत जाऊन मत द्यायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं. शनिवारी येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगून झालं. मला तर रोज ऐकावं लागे.

आणि फेब्रुवारी संपता संपता पलंगावरून खुर्चीत येताना हात निसटला आणि उजवं मनगट मोडलं. तुमचंआमचं मनगट मोडलं तर लिहायची पंचाईत. अक्कांचं मोडलं म्हणजे पायच मोडले. सहा आठवडे प्लास्टर, आणि प्लास्टर निघाल्यावरही दोन महिने खुर्ची ढकलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी कंबर कसली. एक बाई कामाला लावली, भाच्याला वार ठरवून दिले, कागदपत्रं माझ्या ताब्यात घेतली. मार्चच्या शेवटी मतदार यादीचं काम बघणाऱ्या शिक्षिका आमच्या घरी आल्या आणि घरून मतदान करण्याचा फॉर्म ठेवून गेल्या. अपंग माणसानं तो भरला की अधिकारी मतपेटी घेऊन घरी येतात. डॉक्टर काय म्हणाले ते मी ऐकलं होतं. मतदानाची तारीख मला माहीत होती. गणित सरळ होतं. फॉर्म भरायला मला चार मिनिटं लागली.

त्या दिवशी सहीचे पाच कागद होते. पेन्शनचा हयातीचा दाखला, विमा, हॉस्पिटलचे दोन आणि हा एक. अक्का कुठलाही कागद पाठपोट वाचल्याशिवाय सही करत नसत. दुधाच्या कार्डावरसुद्धा. त्या दिवशी त्या डाव्या हातानं चष्मा शोधत होत्या.

"स्वल्प थांब. वाचते."

मला ऑफिसला उशीर होत होता. "अक्का, नेहमीचेच कागद आहेत," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सरी. तू म्हणतेस तर," म्हणाल्या आणि डाव्या हातानं, पाचवीतल्या मुलीसारख्या अक्षरात, पाच सह्या केल्या.

मी काही लपवत होते असं नाही. सांगितलं तर त्या नको म्हणतील, वाद घालतील, तासभर जाईल, हे मात्र मला पक्कं ठाऊक होतं. मत दिल्याशी कारण, ते खोलीत दिलं काय आणि शाळेत दिलं काय. असं मला तेव्हा वाटलं होतं.

प्लास्टर निघाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून अक्कांनी रबरी चेंडू दाबायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना न विचारता व्हरांड्यात फेऱ्या. मी वरून चाकांचा आवाज ऐकायची. आधी दोन फेऱ्या, मग पाच, मग बारा. मतपेटीवाले पहिल्यांदा आले तेव्हा त्या हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात गेल्या होत्या. दुसऱ्यांदा आले तेव्हा घरी होत्या. त्या संध्याकाळी तीन ठोके पडले म्हणून मी खाली गेले, तर अक्का खुशीत.

"ऐक गे पुणेवाली. पेटी घेऊन आले होते घरी! सगळ्या लंगड्यांच्या घरी जातात म्हणे. मी सांगितले, मला नको, मी शाळेत येणार. उतार मी बांधून घेतलाय, पेटी घेऊन जा परत."

"मग? ते काय म्हणाले?"

"काय म्हणणार? काहीतरी लिहून घेतले, गेले."

मी वर आले आणि फोन केला. पलीकडच्या माणसानं सभ्यपणे सांगितलं: घरच्या मतदानाचा अर्ज मंजूर झाला की यादीत नावापुढे खूण होते. मग केंद्रावर मत देता येत नाही. दोनदा घरी जाऊन झालं, आता पथक पुन्हा जाणार नाही. मी नियमांची बाई आहे. नियम ऐकल्यावर मला तो पटला. मी लिहिला असता तर असाच लिहिला असता.

मतदानाला सहा दिवस होते. त्या सहा दिवसांत मी अक्कांना काही सांगितलं नाही. ऐन वेळी म्हाताऱ्या बाईला कोण अडवणार, कुणीतरी डोळेझाक करील, अशी स्वतःची समजूत घातली. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे अर्ज 'डोळेझाक करता येत नाही' म्हणून परत पाठवले आहेत. खालून फेऱ्यांचा आवाज येत होता. वीस. बावीस.

मतदानाच्या दिवशी मी सातला जाऊन माझं मत देऊन आले. दहा वाजता अक्का निघाल्या. मोरपंखी साडी, नव्या चपला, गळ्यात मोजपट्टी. मी मागून चालायचं, हात पाठीशी बांधून, असा हुकूम होता. शाळेशी पोहोचेपर्यंत त्यांच्या ब्लाउजची पाठ घामानं भिजली होती. उतारावर निम्म्यात त्या थांबल्या, मनगट दाबलं. रांगेतल्या एका गृहस्थानं पुढे होऊन खुर्चीला हात घातला. अक्कांनी मान वळवून त्याला कन्नडमध्ये विचारलं, "विचारलात काय?" तो मागे सरला. मग राहिलेला अर्धा उतार. वर पोहोचल्यावर त्यांनी मागे वळून खाली बघितलं. तसा चेहरा मी त्यांचा त्याआधी पाहिला नव्हता.

आत टेबलाशी बसलेल्या बाईंनी नाव शोधलं, पट्टी धरली आणि थांबल्या. शेजारच्याला दाखवलं. मग केंद्राचे मुख्य अधिकारी उठून आले आणि खुर्चीपाशी वाकून म्हणाले, "अम्मा, तुम्ही घरून मत द्यायचा अर्ज केलाय. इथं देता येणार नाही."

"मी अर्ज केला नाही," अक्का म्हणाल्या. "यादी चुकलीय तुमची. पंधरा वर्षं मी लोकांची नावं घालतेय यादीत, मला सांगू नका."

त्यांचा आवाज चढला. मला तो आवाज माहीत होता, पुढचे दोन तास तो खाली येणार नव्हता. बाहेर रांग ताटकळली होती.

"अक्का," मी म्हटलं. "मी भरला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सही?"

"तुमचीच. मार्चमध्ये. पाच कागद होते त्यात."

ज्या बाईनं एका उतारासाठी दोन मुख्याध्यापक बदलेपर्यंत पत्रं लिहिली, ती आता या अधिकाऱ्याला उभा जाळील असं मला वाटलं. अक्कांनी खुर्चीचं चाक वळवलं. "नियम बरोबर आहे तुमचा," त्या अधिकाऱ्याला म्हणाल्या. "सही माझी आहे." आणि बाहेर आल्या. उतारावरून खाली जाताना दोन्ही हातांनी चाकं आवळून, हळूहळू. खाली पोहोचल्यावर म्हणाल्या, "उतार मात्र चांगला केलाय."

घरापर्यंत त्या पुढेच राहिल्या. मी शाई लावलेलं बोट पदरात गुंडाळून चालत होते.

त्यानंतर अकरा दिवस छताला ठोके पडले नाहीत. मी रोज सकाळी पोळी लाटताना बोटावरची शाई बघायची. ती नखाबरोबर अंशाअंशानं वर सरकत होती. माफी मागायला एकदा खाली गेले. त्यांनी ऐकून घेतलं, "सरी" म्हणाल्या आणि डाळ निवडत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाराव्या दिवशी तीन ठोके. खाली व्हरांड्यात त्यांची जुनी चाकांची खुर्ची पुसून ठेवलेली. "बस," म्हणाल्या. "शाळेपर्यंत जा. मी मागं आहे. हात लावणार नाही." मी बसले. सात मिनिटांचा रस्ता मला पन्नास मिनिटं पुरला. फुटपाथवर विजेचा खांब, त्यापुढे स्कूटरी, त्यापुढे शहाळ्यांचा ढीग, त्यापुढे फरशीच गायब. एका बाईनं "पापा, पापा", म्हणजे बिचारी, बिचारी, म्हणत माझ्या गालावरून हात फिरवला, मी पन्नास वर्षांची असताना. भाजीवालीनं माझ्याकडे बघत मागे अक्कांना विचारलं, "यांना काय झालंय?"

"हिला विचारायची सवय नाही," अक्का म्हणाल्या. "त्याचं झालंय."

शाळेच्या उतारावर निम्म्यात माझे दंड भरून आले आणि खुर्ची मागे सरकायला लागली. मी चाकं घट्ट धरून थांबले. "कुणाला बोलवू काय?" अक्कांनी खालून विचारलं. मी नको म्हटलं. आणि त्या खरंच थांबल्या.

त्या शनिवारपासून मी व्हरांड्यात बसायला लागले. फॉर्म मी भरत नसे, नुसता मोठ्यानं वाचून दाखवत असे. पहिली बाजू, मागची बाजू, बारीक अक्षरातलं सगळं. वेळ फार जायचा. अक्कांनी आता पालिकेच्या निवडणुकीवर डोळा ठेवला होता. त्यात त्या आपल्या हातानं आत जाणार होत्या. ती निवडणूक आज होईल, उद्या होईल, असं वर्षानुवर्षं चाललंय. त्या दर महिन्याला फोन करून तारीख विचारत आणि होल्डवर भाजी निवडत.

तारीख आली नाही. गेल्या थंडीत अक्कांच्या छातीत कफ भरला. अॅम्ब्युलन्स मीच बोलावली, त्यांना विचारून. स्ट्रेचर घेऊन आलेला माणूस वाकून म्हणाला, "अम्मा, उचलू का?" अक्कांना धाप लागली होती, तरी त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. "बघ," म्हणाल्या. "याला शिकवावं लागलं नाही." चौथ्या दिवशी हॉस्पिटलातच गेल्या. भाचा खूप रडला. मला रडायला वेळ नव्हता, कागद बरेच होते.

परवा त्या यादीवाल्या शिक्षिका पुन्हा आल्या. मयत मतदारांची नावं कमी करायची आहेत. त्याचा फॉर्म भागातल्याच कुणा मतदारानं भरायचा असतो. अक्कांचा मतदार क्रमांक हवा होता. मी खालचं कुलूप काढलं आणि डिरेक्टरी उघडली. तो पहिल्याच पानावर होता. पान उलटता उलटता 'प'पाशी आले आणि तिथं मराठीत लिहिलेलं दिसलं, म्हणजे निंदाच असणार.

'पुणेवाली, वरची. पायऱ्या अठरा. फॉर्म भराभर भरते. वाचून मगच सही करावी.'

त्याच्या खाली वेगळ्या शाईत, मोडून जुळलेल्या मनगटाच्या वाकड्या अक्षरात, एकच शब्द नंतर घातलेला होता: 'विचारते.'

मी क्रमांक लिहिला. शिक्षिकाबाईंना अजून नऊ घरं करायची होती. त्या व्हरांड्याच्या कठड्याला टेकून घड्याळ बघत होत्या. "मॅडम, नुसती सही करा," त्या म्हणाल्या. "नेहमीचाच कागद आहे."

"स्वल्प थांबा," मी म्हटलं आणि चष्मा लावून, रिकाम्या व्हरांड्यात, पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.